खिचडी, पयसे न्हाई

प्रिय सुमे,

चार महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही, रागावू नकोस. आई बरी आहे, माझा गुडघाही. आजचं मात्र तुलाच सांगायचंय, दुसऱ्या कुणाला ते कळायचं नाही.

दुसरीच्या वर्गात हॉटेल मांडलं होतं. पुठ्ठ्याचा गल्ला, सतरंजीवर टेबलं, आणि ज्याने त्याने आपल्या हॉटेलचं मेनूकार्ड लिहायचं. 'माझी शाळा'वर दोन ओळी लिहिताना पेन्सिल चावत बसणारी पोरं 'झणझणीत' कसं लिहायचं, 'कुरकुरीत' कसं लिहायचं म्हणून माझ्या पदराला लोंबकळत होती! एकीने 'वडा'च्या जागी 'वाडा' लिहिला. गिऱ्हाईक म्हणालं, "एवढ्याशा ताटलीत वाडा मावंल का?" सगळा वर्ग हसला, तीही हसली आणि आपणहून काना खोडून आली.

आणि तो. आईबाप ऊसतोडीला गेल्यापासून आजीजवळ राहणारा. फळ्यावरचं उतरवण्यापलीकडे त्याने वर्षभरात स्वतःचं अक्षर लिहिलं नव्हतं. आज लिहिलं:

'भजे १० रुपय. चाहा ५ रुपय. खीचडी पयसे न्हाई. परत माग.'

आपल्या शाळेतली खिचडी गं. आणि माझा हात सवयीने लाल पेनाकडे गेला. सहा गोल केले. त्याने कार्डाची घडी घातली, चड्डीच्या खिशात कोंबली. मग ना वेटर झाला, ना गिऱ्हाईक.

डी.एड.ला सरावपाठाच्या वह्या तू लाल शाईने तपासायची नाहीस, आणि मी तुला आळशी म्हणाले होते. दोन दिवस डबे वेगळे खाल्ले आपण! सुमे, शुद्ध लिहायला शिकवायलाच हवं, हे मी आजही म्हणेन. तिसरीपर्यंत प्रत्येकाला लिहिता-वाचता यावं, हे सरकारच्या 'निपुण भारत' अभियानाचं उद्दिष्ट मला मनापासून पटतं. पण पहिल्याच दिवशी? त्या वाड्याचा काना गिऱ्हाइकाने काढला, मी नाही. आणि 'न्हाई' तर त्याची आजी बोलते, तिच्या बोलण्याला मी गोल कसा केला? दुपारपासून हेच डोक्यात घोळतंय.

तुझ्या बदलीचं काय झालं? धाकटीला दात आले का? कळव.

उद्या पुन्हा हॉटेल मांडतेय. मीच गिऱ्हाईक होऊन त्याच्यासमोर बसेन, खिचडी मागेन, परत मागेन. पण त्याने कार्ड खिशातून काढलंच नाही तर? तू काय केलं असतंस, ते लवकर लिही.

तुझीच,
शैला