हिवाळी हिमालय आणि हिमस्खलनाचा धोका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उत्तराखंडातील केदारकांठा, ब्रह्मताल, कुआरी खिंड अशा ठिकाणी भर हिवाळ्यात जाणारे बहुतेक मराठी ट्रेकर सह्याद्रीत तयार झालेले असतात. पाऊस उघडला आणि कातळ वाळला की वाट सुरक्षित होते, हा सह्याद्रीतला अनुभव बर्फात मात्र दगा देतो. जोरदार हिमवृष्टीनंतर आकाश निवळते, लख्ख ऊन पडते आणि तंबूत अडकून पडलेल्या तुकडीला निघण्याची घाई होते. पण नव्या बर्फाचा भार खालच्या ठिसूळ थराने अजून पेललेला नसल्याने हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवसच विशेष धोक्याचे असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुलमर्गजवळ खिलनमर्ग भागात हिमस्खलनात एका रशियन स्कीपटूचा बळी गेला, तो अशाच मोठ्या हिमवृष्टीच्या पाठोपाठ.

साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारांवर बर्फाची लादी सुटते आणि बऱ्याचदा तिला निमित्त होते ते चालणाऱ्याचेच वजन. वारा बर्फ उडवून आडोशाच्या बाजूला साठवतो, म्हणून नवी हिमवृष्टी नसतानाही तेथे धोका वाढतो. पायाखाली बर्फ ‘धप्प’ असा आवाज करून खचला किंवा त्यात तडे धावले, तर तेथून मागे फिरावे. त्यावर चर्चा करत उभे राहू नये.

‘डीआरडीओ’ या संरक्षण संशोधन संघटनेची ‘डीजीआरई’ ही संस्था हिमालयातील जिल्ह्यांसाठी हिमस्खलनाचे इशारे देते. ते दररोज पाहिलेच पाहिजेत, तरी जिल्ह्याचा इशारा समोरच्या एका उताराची हमी देत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये उत्तराखंडातील द्रौपदी का डांडा या शिखरावर उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेच्या प्रशिक्षणातील तुकडी हिमस्खलनात सापडली आणि पंचविसांहून अधिक जण मृत्युमुखी पडले. जाणत्यांच्या सोबतीतही असे घडते, मग पहिल्यांदाच बर्फ पाहणाऱ्यांना घेऊन जाताना किती दक्षता हवी!

गाडला गेलेला माणूस पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर निघाला तरच वाचण्याची शक्यता चांगली असते आणि तेवढ्या वेळात बाहेरची मदत पोहोचत नाही. म्हणून धोक्याच्या उतारांवरून वाट जात असेल, तर प्रत्येकाजवळ बीकन (गाडलेल्याचा ठावठिकाणा देणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधण्याची लांब सळई) व फावडे असावे आणि ते वापरण्याचा सराव निघण्यापूर्वीच झालेला असावा. आपल्याकडील गिर्यारोहण संस्थांनी व आयोजकांनी माहितीपत्रकात जेवणाच्या यादीबरोबर ही व्यवस्था आणि पर्यायी मार्गही लेखी द्यावेत. सहभागी होणाऱ्यांनीही, शिखर न गाठता तुकडी परत फिरवणाऱ्या नेत्याकडे पैसे परत मागण्याचा हट्ट धरू नये.

– एक गिरिप्रेमी वाचक, पुणे