ताई, झाडं मोजायला शिकवलंस त्याबद्दल थँक्यू

ताई,
हे तुला मेसेजमध्येही लिहिता आलं असतं, पण मुद्दाम सगळ्यांसमोर लिहितेय. फील्डवर हाताला धरून शिकवणाऱ्या सीनियरचं कौतुक फार कमी होतं ना, म्हणून.

पनामातल्या बारो कोलोराडो या जंगलाच्या बेटावर येणाऱ्या प्रत्येकाची मान वरच असते, हाउलर माकडं, टुकान वगैरे, आणि तू मला पहिल्याच दिवशी खाली बसवलंस, एका मोठ्या झाडाच्या बुंध्याशी, आणि म्हणालीस याची पिल्लं शोध. बिया ढीगभर पडलेल्या पण रोपटी जवळपास नाहीतच, होती ती लांब लांब. मग तू जान्झेन आणि कॉनेल या शास्त्रज्ञांनी 1970-71 मध्ये मांडलेली कल्पना समजावलीस, की आईच्या पायाशी त्याच जातीवर जगणारे किडे आणि बुरशा जमलेल्या असतात, त्या रोपट्यांना खातात, आणि ती जागा दुसऱ्या जातीला मिळते. एवढ्या जाती एकत्र कशा नांदतात याचं एक उत्तर तिथेच चिखलात दिसलं. वर्गात हेच ऐकलं होतं पण असं आत उतरलं नव्हतं.

आणि तो 50 हेक्टरचा प्लॉट! 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला हबेल आणि फॉस्टर या शास्त्रज्ञांनी आखलेला, एक सेंटीमीटर किंवा जास्त जाडीचं प्रत्येक झाड टॅग केलेलं, दोन लाखांवर खोडं, 300 च्या आसपास जाती, आणि साधारण दर पाच वर्षांनी पुन्हा सगळं मोजायचं. टेप जमिनीपासून 1.3 मीटर उंचीवर लावायची, वेल आधी बाजूला उचलायची, बुंध्याला फळ्यांसारखी आधारमुळं असतील तर त्यांच्या वर जाऊन मोजायचं, हे तू इतक्या शांतपणे दाखवायचीस की भर पावसातही घाई करावीशी वाटायची नाही. झाड ओळखायचं तर पानं समोरासमोर की एकाआड एक, चीक येतो का, चुरगाळल्यावर वास कसा, सगळं स्वतः करून बघायला लावायचीस, उत्तर आधी कधीच सांगितलं नाहीस.

संरक्षणाबद्दलही तूच डोळे उघडलेस. पनामा कालव्यासाठी चाग्रेस नदी अडवली, गाटून तलाव भरला आणि एका डोंगराचं हे बेट झालं, 1923 पासून ते राखीव आहे, तरी तिथले कितीतरी पक्षी नाहीसे झाले. कुऱ्हाड थांबवली तरी तुटलेल्या तुकड्यातून जाती हळूहळू जातच राहतात, म्हणून जंगलं एकमेकांना जोडलेली ठेवायला हवीत, हे मला तिथे पटलं आणि आता माझं सगळं काम त्याच दिशेला चाललंय.

तुझ्या स्वतःच्या थिसिसची गडबड चालू होती तरी रात्री लॅबमध्ये माझ्या बियांच्या जाळ्यांतला माल निवडायला बसायचीस, ते मी विसरणार नाही. खूप खूप थँक्यू ताई. पुढच्या मोजणीला माणसं कमी पडली तर मला बोलाव, टेप धरायला नक्की येते.