चिडक्या पात्रांचीही बाजू यावी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

मुलांच्या गोष्टींत, नाटुकल्यांत आणि मराठीत डब केलेल्या कार्टूनमध्ये चिडखोर पात्राचा साचा वर्षानुवर्षे तोच आहे. कपाळाला आठ्या घालून अंगणात आलेला चेंडू दाबून ठेवणारे आजोबा, नाहीतर आल्यागेल्यावर खेकसणारी कजाग म्हातारी. निम्मी गोष्ट त्यांच्या फजितीत जाते आणि शेवटी एखाद्या चिमुरडीच्या गोड बोलण्याने आजोबा विरघळून खाऊ वाटू लागतात. (म्हातारीच्या नशिबी बहुधा तेही नसते.) ते चिडतात कशामुळे, हे विचारायची गरज लेखकाला वाटत नाही.

लातूरकरांना तरी हे खटकायला हवे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने शहराला पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला ५ लाख लिटर आले. त्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतील एक गृहस्थ दारातल्या पिंपाला चेंडू लागला की अंगावर धावून येत. पिंपाच्या तोंडाला त्यांनी जुने धोतर बांधून वर शहाबादी फरशीचा तुकडा ठेवला होता, कारण टँकर पुन्हा येईपर्यंत सारे घर त्याच पाण्यावर काढायचे होते. मुलांच्या लेखी ते खडूस होते, आणि मुलांचे चुकले असेही नाही. पण लेखकाला तरी पिंप दिसायला नको का?

दुर्वासांचेही आपण हेच केले आहे. त्यांचे शाप मुलांना रंगवून सांगतो, परंतु कुंतीच्या सेवेवर प्रसन्न होऊन तिला मंत्र देणारे ऋषी तेच, एवढे सांगण्यापूर्वीच गोष्ट आवरती घेतो.

अमेरिकेत १९६९ साली सुरू झालेल्या ‘सेसमी स्ट्रीट’ या बालमालिकेत कचऱ्याच्या डब्यात राहणारा ऑस्कर नावाचा कुरकुऱ्या आहे. त्याला कचरा प्रिय आणि लोकांचा आनंद असह्य. तरीही स्लायमी नावाच्या पाळीव किड्यावर त्याचा जीव आहे. शेजाऱ्यांनी त्याला ना गल्लीबाहेर काढले, ना गोडबोल्या केले. घुश्श्यात बसलेल्या मुलाला असे पात्र जवळचे वाटत असणार, कारण त्याला कोणी ‘आधी हस’ म्हणत नाही.

आपल्या दिवाळी अंकाच्या बालविभागासाठी कथा निवडताना, चिडका माणूस शेवटपर्यंत चिडकाच राहिला तरी चालेल, एवढी मुभा लेखकांना द्यावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, लातूर