टेम्पलहोफहून आई-बाबांना

बर्लिन, रविवार

तीर्थरूप बाबा आणि आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मंगळवारी फोनवर मी ते सांगितल्यावर बाबा "बरं" एवढेच म्हणाले आणि त्यांनी फोन आईच्या हातात दिला. त्या "बरं"चा अर्थ मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणून आज निवांत बसून लिहिते आहे. दिवाळीला मी कायमची घरी येणार होते, ती आता येणार नाही. टेम्पलहोफच्या जुन्या विमानतळाच्या इमारतीचे छप्पर आणि खिडक्या दुरुस्त करण्याचे तीन वर्षांचे काम मी स्वीकारले आहे आणि करारावर सहीही केली आहे. सहीच्या आधी तुम्हाला विचारायला हवे होते. विचारले असते तर तुम्ही दोघांनी "जा, कर" असेच म्हटले असते आणि मग रात्रभर जागत बसला असता, म्हणून विचारले नाही. हे कारण पुरेसे नाही, हे मलाही कळते.

आई, तू विचारलेस की हिटलरच्या काळातल्या इमारतीची डागडुजी तूच कशाला करायला हवी. प्रश्न रास्त आहे आणि मी तो टाळणार नाही. ही इमारत १९३६ पासून एर्न्स्ट झागेबील या वास्तुविशारदाने नाझी सरकारसाठी बांधायला घेतली. तिच्या शेजारीच कोलंबिया हाउस नावाच्या तुरुंगात त्या राजवटीच्या विरोधकांना डांबून छळले जात होते. युद्धाच्या काळात याच हँगरांमध्ये बॉम्बफेकी विमाने जोडली जात आणि ते काम परदेशांतून पकडून आणलेल्या, मैदानावरच्या लाकडी बराकींत कोंडलेल्या माणसांकडून करून घेतले जाई. मी ज्या भिंतींना हात लावते त्यांना हे सारे माहीत आहे. पण या इमारतीचे आयुष्य तिथे संपले नाही. एप्रिल १९४५ च्या अखेरीस रशियन सैन्याने ती घेतली, जुलैमध्ये ती अमेरिकनांच्या ताब्यात आली, आणि पुढची जवळजवळ अठ्ठेचाळीस वर्षे ती अमेरिकी हवाई दलाचा तळ होती. मला जे जपायचे आहे ते मुख्यतः त्या काळातले आहे.

बाबा, तुम्ही ओझरच्या विमान कारखान्यात इतकी वर्षे विमानांच्या पोटाखाली काढलीत, म्हणून हा भाग तुमच्यासाठी सविस्तर लिहिते. जून १९४८ मध्ये रशियनांनी पश्चिम बर्लिनकडे, म्हणजे अमेरिकन, ब्रिटिश आणि फ्रेंचांच्या ताब्यातल्या पण चहूबाजूंनी रशियन ताब्यातल्या मुलखाने वेढलेल्या भागाकडे, येणारे रस्ते, रेल्वे आणि कालवे बंद केले. वीस लाखांहून अधिक माणसांचे शहर, आणि आत यायला हवेतल्या तीन अरुंद वाटा तेवढ्या उरल्या. २६ जूनपासून त्या वाटांनी शहरासाठी माल घेऊन विमाने येऊ लागली. अन्नापेक्षाही जास्त वजन कोळशाचे होते. एकूण मालाच्या सुमारे दोन तृतीयांश कोळसाच आला. तो पोत्यांत भरून आणत, तरी त्याची भुकटी विमानाच्या सांध्यासांध्यांत, तारांमध्ये आणि नियंत्रणाच्या केबलींमध्ये शिरून बसे, आणि ती झाडून काढता काढता मेकॅनिक हैराण होत. तुमची निळी डांगरी आई दोनदा धुवायची, ते मला हे वाचताना आठवले. येथील एक धावपट्टी गवतावर भोकांचे लोखंडी पत्रे अंथरून केलेली होती. दोन विमानांच्या मध्ये जो वेळ मिळे तेवढ्यात मजुरांच्या टोळ्या धावत आत जाऊन पत्रे सरळ करत, वाळू भरत आणि पुढचे विमान टेकण्याआधी बाजूला होत. ज्या वैमानिकाचा उतरण्याचा पहिला प्रयत्न चुकला त्याने दुसरी फेरी न मारता माल घेऊन तसेच परत जायचे, असा पुढे नियम झाला, म्हणजे मागची रांग अडत नसे. विमाने पुरी पडण्यासाठी मेकॅनिक कमी पडू लागले तेव्हा अमेरिकनांनी जर्मन हवाई दलातले जुने मेकॅनिक कामावर घेतले. तीन वर्षांपूर्वी जे एकमेकांची विमाने पाडत होते, ते एकाच इंजिनावर वाकून काम करू लागले. ही गोष्ट मला त्या सगळ्या आकड्यांपेक्षा मोठी वाटते. तरी तुम्हाला आकडे आवडतात म्हणून सांगते: १९४९ च्या एप्रिलमध्ये एका चोवीस तासांत बर्लिनच्या तिन्ही विमानतळांवर मिळून १,३९८ उड्डाणांनी माल आला, आणि ३० सप्टेंबर १९४९ पर्यंत सुमारे २३ लाख टन. कोंडी मे महिन्यातच उठली होती, पण पुन्हा पडली तर साठा असावा म्हणून विमाने येतच राहिली. अपघातांत शंभराच्या आसपास माणसे गेली.

इथल्या लोकांनी त्या विमानांना रोझिनेनबोंबर म्हटले, म्हणजे बेदाण्यांची बॉम्बर विमाने. आई, तू दरवेळी माझ्या बॅगेत बेदाण्याची पिशवी कोंबतेस, तेव्हा मला हा शब्द आठवतो. हे नाव ज्याच्यामुळे घरोघर पोहोचले तो गेल हॅल्व्होर्सन नावाचा तरुण वैमानिक होता. जुलै १९४८ मध्ये तो या मैदानाच्या कुंपणाशी आला, तेव्हा पलीकडे तीसेक मुले उभी होती. त्यांनी काहीही मागितले नाही. त्याच्या खिशात च्युइंगमच्या दोनच कांड्या होत्या, त्या त्याने तोडून दिल्या. ज्यांना तुकडा मिळाला नाही त्या मुलांनी कागदाचे कपटे वाटून घेतले आणि ते हुंगले. उद्या मी विमानातून खाऊच्या गोळ्या टाकीन आणि तुम्हाला ओळखू यावे म्हणून पंख हलवीन, असे सांगून तो गेला, आणि हातरुमालांच्या छत्र्या करून त्याने खरोखरच खाऊ टाकला. मुलांनी त्याचे नाव "पंख हलवणारा काका" ठेवले. तो १०१ वर्षांचा होऊन २०२२ मध्ये वारला.

त्या कुंपणाच्या जागी उभी राहते तेव्हा मला ओझरचे कुंपण दिसते. बाबा मला खांद्यावर घेऊन उभे आहेत, मी दोन्ही हातांनी त्यांचे कान धरले आहेत, आणि मिग गेल्यावर कितीतरी वेळ छातीत धडधडते आहे. मग बाबा डब्यातली शेंगदाण्याची चिक्की मोडून मोठा तुकडा मला देतात आणि छोटा स्वतः खातात. बाबा, मी तेव्हाही पाहिले होते की तो छोटा तुकडा तुम्ही घेत होता.

अमेरिकनांनी इमारतीच्या आत स्वतःचे एक छोटे गावच वसवले होते. मुख्य दालनाच्या वरच्या मजल्यावर त्यांचे बास्केटबॉलचे मैदान आहे. परवा तिथे एकटी उभी होते. लाकडी जमिनीवरच्या रेषा झिजल्या आहेत, पण पायाखाली फळी तशीच हलकेच लवते. छपरावर एक प्रचंड गरुड होता, त्याचे डोके अमेरिकनांनी पांढरे रंगवून आपल्या देशाचा गरुड करून टाकला. पुढे रडारसाठी तो उतरवला, डोके अमेरिकेला गेले आणि १९८५ मध्ये परत आले. आता ते दारासमोर दगडी चौथऱ्यावर आहे आणि मी रोज सकाळी त्याच्यापुढून कामावर जाते. पूर्व जर्मनीतून पळून आलेल्या हजारो माणसांना याच धावपट्टीवरून पश्चिमेकडे नेले गेले, कारण जमिनीवरून जाणे त्यांच्यासाठी धोक्याचे होते. अमेरिकी हवाई दल १९९३ मध्ये गेले, ३० ऑक्टोबर २००८ च्या रात्री शेवटची विमाने उडाली, आणि मे २०१० मध्ये तीनशे हेक्टरांहून मोठे ते मैदान लोकांसाठी उघडले. तिथे घरे बांधायची सरकारची योजना होती; २०१४ च्या मतदानात बर्लिनकरांनी ती नाकारली. २०१५ मध्ये सीरियाहून आणि इतर देशांतून आलेली कुटुंबे हँगरांमध्ये राहिली, त्यांची मुले याच फरशीवर खेळली.

म्हणून मी राहते आहे. हँगरांचे छत मैदानाच्या बाजूला चाळीस मीटर बाहेर आले आहे आणि पुढे त्याला एकही खांब नाही, म्हणजे विमान थेट आत येऊन प्रवासी पावसात न भिजता उतरत. अशा छताचे आयुष्य पुढे न्यायचे काम मला पुन्हा मिळणार नाही. पगार पहिल्यापेक्षा थोडा कमी आहे, पण वर्षाला तीस दिवसांची रजा आहे, आणि ती मी सारी नाशिकलाच घालवणार आहे. नवी खोली मैदानापासून दहा मिनिटांवर आहे, हीटर नीट चालतो, स्वयंपाकघराला खिडकी आहे, कुकर आणि मिसळणाचा डबा दोन्ही माझ्यापाशी आहेत. गोडा मसाला अजून पुरेल, त्यामुळे आईने पार्सल पाठवण्याची घाई करू नये.

आता माझे ऐका. मेमध्ये तुम्ही दोघे इकडे या. व्हिसाचे कागद मी तयार करते, तुम्ही फक्त फोटो काढून ठेवा. जुनी धावपट्टी सुमारे दोन किलोमीटर लांब आणि अगदी सपाट आहे, गुडघ्याला जशी जमीन हवी असे डॉक्टर म्हणाले तशीच. त्या दिवसांत गवतात चंडोल घरटी करतात, म्हणून काही भाग दोरी बांधून बंद ठेवतात, आणि उरलेल्या आभाळात लोक पतंग उडवतात. बाबा, येवल्याची मांजा गुंडाळायची आसारी घेऊन या. इथे वारा दिवसभर असतो.

तोपर्यंत बाबांनी जिना कठडा धरूनच चढावा, दूध आणायला स्वतः जाऊ नये, आणि गुडघ्याचा व्यायाम टीव्हीसमोर बसून झाला असे समजू नये. आई, तू रक्तदाबाची गोळी सकाळीच घे; "नंतर घेते" हे मी आता चालवून घेणार नाही. रात्री समोरच्या काकूंकडे किल्ली ठेवत जा. माझा राग आला असेल तर तो फोनवर बोला, पण मनात ठेवू नका, आणि बाबांनी पुढच्या वेळी फोन आईकडे देण्याआधी मला दोन मिनिटे द्यावीत.

तुमची,
मनू

ता. क. निळ्या पेटीतले बाबांचे जुने मायक्रोमीटर कुणाला देऊ नका. ते मला इथे हवे आहे.