‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी संगणक तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’चा नियमित मोफत आधार (सपोर्ट) थांबवला आणि तेव्हापासून एम. जी. रोड असो की नाशिकरोड, संगणक दुरुस्तीच्या दुकानांत ‘नवी विंडोज टाकून घ्या’ हा सल्ला जरा जास्तच मोकळ्या हाताने दिला जातो, असा माझा अनुभव आहे. सल्ला तसा जुनाच आहे. संगणक सुरू व्हायला फार वेळ लागतो, अशी तक्रार घेऊन गेलेल्या गिऱ्हाइकाला ‘फॉरमॅट मारावा लागेल’, म्हणजे डिस्कवरचे पुसून विंडोज नव्याने टाकावी लागेल, हे वाक्य यंत्राला हात लावण्याआधीच ऐकवले जाते. एका वर्षात दोनदा हे औषध घेऊन, दोन्ही वेळा पैसे मोजून आणि अकरा वर्षांचे काम गमावता गमावता वाचल्यावर या विषयावर लिहावे असे वाटले.

मी इंदिरानगरात राहणारा निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. घरचा संगणक २०१७ सालचा. त्यावर माझ्या जुन्या प्रश्नपत्रिका, शाळेच्या वार्षिक अंकांचा मजकूर आणि सध्या मी सचिव असलेल्या गृहनिर्माण संस्थेची इतिवृत्ते व देखभाल-वर्गणीचे हिशेब असतात. बटण दाबून चहाचे आधण ठेवावे, चहा पिऊन कप विसळावा आणि तरीही पडद्यावर ते ठिपक्यांचे कडे गरगरतच असावे, अशी वेळ आल्यावर मी तो दुकानात नेला. ‘काका, विंडोज करप्ट झालीय, दोन तासांत नवी टाकून देतो, पाचशे रुपये होतील,’ असे तिथल्या तरुणाने सांगितले. माझ्या फाइलींचे काय, असे विचारल्यावर ‘डी ड्राइव्हला हातच लावत नाही’ असे उत्तर मिळाले आणि मी निर्धास्त मनाने घरी आलो.

उत्तर खोटे नव्हते. संगणकाच्या डिस्कचे सहसा सी, डी असे कप्पे पाडलेले असतात, त्यांना ड्राइव्ह म्हणतात; विंडोज असते सी ड्राइव्हमध्ये. डी ड्राइव्हला त्याने खरोखरच हात लावला नाही. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या फाइली डी ड्राइव्हमध्ये नसतातच. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स या जागा आपण मुद्दाम हलवल्या नसतील तर सी ड्राइव्हमध्येच, वापरकर्त्याच्या नावाच्या फोल्डरात असतात, आणि फॉरमॅट होतो तो नेमका सी ड्राइव्ह. ब्राउझरने लक्षात ठेवलेले पासवर्ड, संगणकावर उतरवून घेतलेली मेल, कित्येकदा हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा डेटासुद्धा तिथेच असतो. संस्थेच्या कागदपत्रांचा माझा फोल्डर डेस्कटॉपवर होता, तो गेला. त्यातले बरेचसे मी पूर्वी लेखापरीक्षकांना मेलने पाठवले होते म्हणून परत मिळाले. त्यात माझा शहाणपणा काही नव्हता.

जे डी ड्राइव्हवर होते ते वाचले, पण ते वाचता येईना. युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संकेतपद्धती रुळण्यापूर्वी आपण मराठी टाइप केले ते श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत. अशा फाइलीत प्रत्यक्षात रोमन अक्षरांचे आणि चिन्हांचेच संकेत साठवलेले असतात व त्यांना देवनागरीचे रूप देण्याचे काम तो विशिष्ट फॉन्ट करतो. फॉन्ट राहतात विंडोजच्या फोल्डरात, म्हणजे पुन्हा सी ड्राइव्हवरच. नववीची सहामाहीची मराठीची प्रश्नपत्रिका उघडली तर पडद्यावर कंस, स्वल्पविराम आणि उलटसुलट इंग्रजी अक्षरांची रास! मी ती पत्नीला दाखवली, तर ‘व्हायरस शिरलाय, आधी बंद करा’ असे तिने बजावले. आठवडाभर मीही सगळे काम बुडाले असेच धरून चाललो होतो. शेवटी डीटीपीचे, म्हणजे छपाईसाठी संगणकावर मजकूर जुळवण्याचे, काम करणाऱ्या एका स्नेह्यांनी मला माळ्यावरची जुनी सीडी शोधायला लावली, तीवरून तोच फॉन्ट पुन्हा बसवला आणि ती रास डोळ्यांदेखत ‘खालील उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे लिहा’ अशी झाली. शहरात अजूनही कितीतरी शिक्षक, वकील, छापखानेवाले आणि पतसंस्थांचे कर्मचारी यांच्याकडे असा मजकूर असेल, म्हणून हे जरा विस्ताराने लिहिले.

मग संगणक जलद झाला का? झाला, आणि लोकांचा या औषधावर विश्वास बसतो तो त्यामुळेच. नव्या विंडोजमध्ये संगणकाबरोबर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची गर्दी नसते. प्रिंटरचा मदतनीस, गप्पांचे दोन प्रोग्रॅम, तीन अपडेटर, शिवाय कुणीतरी चकटफू बसवून दिलेला दुसरा अँटिव्हायरस, हे सगळे पुसले गेलेले असते. आपण एकेक करून ते परत बसवतो आणि गाडी मूळ पदावर येते. माझ्याकडे तर पाचच महिन्यांत आली. दुसऱ्या दुकानात नेला तर तिथेही तेच निदान आणि तोच उपाय. फरक एवढाच, की या वेळी सातशे रुपये पडले.

पुढे दिवाळीत भेटायला आलेला माझा एक माजी विद्यार्थी अंबडच्या एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचे काम करतो. त्याने डब्याचे झाकण काढून संगणक सुरू करायला लावला आणि नुसता कान दिला. ‘सर, ऐका, डिस्क एकाच जागी अडखळतेय,’ असे तो म्हणाला. थांबून थांबून येणारा तो टक्-टक् आवाज मी इतके दिवस पंख्याचा समजत होतो. मग त्याने कोणता भाग किती कामात आहे हे दाखवणारा विंडोजमधला टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसरचा वापर सात टक्के, मेमरी निम्मी रिकामी आणि डिस्कच्या रकान्यात मात्र शंभर टक्के, तेही हलायला तयार नाही. हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीची नोंद ठेवत असते, तिला ‘स्मार्ट’ म्हणतात, आणि ती मोफत मिळणाऱ्या साध्या प्रोग्रॅमने वाचता येते. बाद झालेल्या आणि वाचता न येणाऱ्या सेक्टरांपुढे (डिस्कवरच्या लहान लहान तुकड्यांपुढे) शून्य असावे अशी अपेक्षा असते. माझ्याकडे दोन्ही ठिकाणी तीन आकडी संख्या होत्या. अशा डिस्कवर दोनदा नवी विंडोज टाकली गेली होती आणि ही नोंद उघडून पाहायला पाच मिनिटेही लागत नाहीत.

हार्ड डिस्कमध्ये मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर इकडून तिकडे धावणारा वाचक-दांडा असतो. संगणक सुरू होताना ठिकठिकाणी विखुरलेल्या हजारो लहान फाइली वाचाव्या लागतात. दांड्याच्या प्रत्येक उडीला काही मिलिसेकंद जातात आणि खराब जागी तर तो पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहतो. एसएसडी, म्हणजे चिपांवर माहिती साठवणारी नव्या प्रकारची डिस्क, हिच्यात हलणारा भागच नसल्याने हा सगळा खोळंबा टळतो. म्हणूनच हार्ड डिस्कवर चालणाऱ्या जुन्या संगणकाचा सुरू होण्याचा वेळ कमी करायचा असेल, तर विंडोज बदलण्यापेक्षा डिस्क बदलण्याचा गुण अधिक येतो.

त्या विद्यार्थ्याने दाखवलेली एक पद्धत वाचकांनाही सहज करता येईल. हातात घड्याळ घेऊन बटण दाबल्यापासूनच्या वेळेचे तुकडे मोजावेत. विंडोजचे चिन्ह दिसण्याच्या आधीच बराच वेळ जात असेल, तर तो दोष विंडोजचा असण्याचा संभव कमी; मदरबोर्डमधील बायोस हा सुरुवातीचा प्रोग्रॅम तेव्हा मेमरी, डिस्क, जोडलेली उपकरणे तपासत असते आणि विसरून लावून ठेवलेला पेन ड्राइव्ह किंवा संगणक कशावरून सुरू करायचा त्या यादीत पहिला असलेला नेटवर्कचा पर्यायही तिला अडवून धरू शकतो. तिथे कितीही वेळा फॉरमॅट मारला तरी फरक पडणार नाही. पासवर्ड दिल्यानंतरचा वेळ मोठा असेल, तर टास्क मॅनेजरमधील ‘स्टार्टअप’ या भागात कोणता प्रोग्रॅम किती भार टाकतो हे लिहिलेलेच असते. नको तो तिथल्या तिथे बंद करता येतो आणि पुन्हा चालूही करता येतो. या दोहोंच्या मधला वेळ लांबत असेल तर संशय डिस्कवर, एखाद्या ड्रायव्हरवर (उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रॅमवर) किंवा खरोखरच बिघडलेल्या विंडोजवर घ्यावा. आणखी एक गोष्ट मला नवी होती. ‘फास्ट स्टार्टअप’ची सोय चालू असेल तर ‘शट डाउन’ केल्यावर प्रणालीचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते. त्यामुळे रोज रात्री नेमाने संगणक बंद करणाऱ्या माझ्याकडे तो सलग एकोणतीस दिवस चालू असल्याची नोंद निघाली. पूर्णपणे नव्याने सुरुवात हवी असेल तर ‘रीस्टार्ट’ करावे लागते.

दुकानदारांना दोष देणे सोपे आहे, पण तो पूर्ण न्याय होणार नाही. फॉरमॅटचा दर ठरलेला असतो, काम दोन तासांत हातावेगळे होते आणि त्या दोन तासांत मुलगा आणखी तीन संगणक बघू शकतो. तपासणीचे मात्र पैसे आपण कुणी देत नाही. अर्धा तास तपासून ‘काही बिघडलेले नाही, फक्त चार प्रोग्रॅम बंद केले’ असे सांगणाऱ्याच्या हातावर दोनशे रुपये ठेवताना आपल्याच कपाळाला आठी पडते, हे मी स्वतःवरूनही सांगतो. डॉक्टरांना तपासणीचे शुल्क देताना आपण घासाघीस करत नाही. संगणकाच्या दुकानांनीही तपासणीचा वेगळा दर ठळक लिहून लावावा आणि आपण तो मुकाट्याने द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

विंडोज पुन्हा टाकणे सर्वस्वी निरुपयोगी आहे, असेही माझे म्हणणे नाही. व्हायरसने पोखरलेला संगणक, अर्धवट राहिलेल्या अपडेटनंतर वारंवार कोसळणारी प्रणाली किंवा दुसऱ्याला विकायचे यंत्र, अशा वेळी तोच योग्य मार्ग आहे. मात्र ‘विंडोज ११’चे आमिष दाखवले जाते तेव्हा सावध राहावे. तिला टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधा आणि ठरावीक पिढीच्या पुढचा प्रोसेसर लागतो. माझ्या २०१७च्या संगणकाचा प्रोसेसर त्या यादीत बसत नाही. आडवाटेने ती बसवून देणारे आहेत, पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. परवान्याबद्दलही विचारावे. ज्या संगणकावर अधिकृत विंडोज होती, तिथे तीच आवृत्ती पुन्हा टाकल्यावर परवाना सहसा आपोआप ओळखला जातो, निराळी किल्ली (परवान्याचा सांकेतिक क्रमांक) लागत नाही. परवाना नसलेली प्रत ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करण्यासाठी अँटिव्हायरस बंद करून भलताच प्रोग्रॅम चालवला जात असेल, तर आपण पैसे देऊन चोराला किल्ली देत आहोत. शिवाय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ६३ ब प्रमाणे बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणे हा कैदेचा आणि दंडाचा गुन्हा आहे, आणि तो वापरणाऱ्यावर लागतो.

दुकानदारांच्या संघटनांना आणि आपल्या वाचकांना माझी विनंती एवढीच, की फॉरमॅटपूर्वी एका साध्या पावतीवर बिघाडाचे कारण काय आढळले, डिस्कची तपासणी केली का, डेस्कटॉपसह कोणकोणत्या फोल्डरांचा व फॉन्टांचा बॅकअप कुठे घेतला आणि टाकली जाणारी विंडोज परवान्याची आहे का, हे लिहून त्याखाली दोघांनी सह्या कराव्यात. गॅरेजवाला गाडी ताब्यात घेताना जॉब कार्ड भरतो, तितकेच हे काम आहे.

माझ्या संगणकात आता सव्वादोन हजार रुपयांची एसएसडी आहे. तीवर विंडोज टाकावीच लागली, म्हणजे वर्षातली तिसरी वेळ, पण या वेळी कारण माहीत होते आणि फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवलेल्या होत्या. घड्याळ लावून मोजले, बटण दाबल्यापासून बत्तीस सेकंद लागतात. जुनी हार्ड डिस्क दुकानात ठेवून येण्याचा मोह झाला होता. ‘सर, ती देऊ नका, तीत संस्थेच्या सगळ्या सभासदांचे पत्ते आणि बँक खात्यांचे क्रमांक आहेत,’ असे त्या विद्यार्थ्याने सांगितल्यावर ती कापडात गुंडाळून कपाटात ठेवली आहे.

आपला,
एक निवृत्त शिक्षक,
इंदिरानगर, नाशिक