खटल्यांपलीकडचे पटवर्धन

माहितीपटकार आनंद पटवर्धन यांच्या कारकिर्दीवरील रविवार पुरवणीतला लेख वाचला. लेखाचा बहुतेक भाग सेन्सॉर, दूरदर्शन आणि न्यायालये यांतच खर्ची पडला आहे. ते लढे मोठेच; ‘पिता, पुत्र और धर्मयुद्ध’ हा त्यांचा माहितीपट दाखवण्याचा आदेश 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला दूरदर्शनला द्यावा लागला. पण त्या भरात त्यांची काम करण्याची चिकाटी लेखातून निसटली. झोपडपट्टी व फुटपाथवासीयांवरील ‘हमारा शहर’मध्ये (1985) शाहीर विलास घोगरे गातात. जुलै 1997 मध्ये घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात 10 जण मारले गेले आणि त्यानंतर घोगरे यांनी आत्महत्या केली. तेव्हापासून पटवर्धन कॅमेरा घेऊन वस्त्यांत, जलशांत, शाहिरांच्या घरी जात राहिले. त्यातून घडलेला ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट पूर्ण झाला 2011 मध्ये, म्हणजे तब्बल 14 वर्षांनी. ठरलेल्या मुदतीत माहितीपट उरकणाऱ्या वाहिन्यांना हे परवडणारे नाही, हे मान्य. निदान सह्याद्री वाहिनीने तरी 6 डिसेंबरला हा चित्रपट दाखवावा. त्यातली कितीतरी गाणी मराठीच आहेत.

– एक वाचक, मुलुंड