शाकारणी अर्धी ठेवणाऱ्या काकांस

ती. काका,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुमचा नातू तुम्हाला मोबाइलवर वाचून दाखवेल. मुद्दाम चारचौघांत लिहिते आहे. घरी येऊन आभार मानायला गेले की तुम्ही ‘बस, चहा टाकतो’ म्हणून विषय मोडता, आणि मग पावसापाण्याच्या गप्पा सुरू होतात. इथे तुम्हाला मध्येच उठता येणार नाही.

बाहेरच्या वाचकांना आधी थोडं सांगायला हवं. आमचं घर संगमेश्वर तालुक्यातलं, कौलारू, वर लाकडी माळा असलेलं. अशा घरांची मे महिन्यात शाकारणी होते. कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, कौलांखालच्या कुजलेल्या रिपा, म्हणजे लाकडी पट्ट्या, काढायच्या, पालापाचोळा झाडायचा आणि मृगाच्या आत सगळं परत बसवायचं. हे काम हातात असलेली माणसं आता फार उरली नाहीत. बरीच घरं पत्र्याखाली गेली आणि पोरं मुंबईला गेली. त्यामुळे जी दोनचार माणसं आहेत त्यांचा मे महिना शिमग्यालाच वाटून झालेला असतो. एका घरी काम अडलं की पुढच्या चार घरांची बोलणी खावी लागतात. काकांनी आमच्यासाठी काय केलं ते कळायला एवढी माहिती हवीच.

काका, गेल्या वर्षी माळ्यावर साप आहे अशी आईची खात्री होती. रोज तिन्हीसांजेला वरून फुत्कार यायचे, लांबलचक आणि एकामागून एक. तिने संध्याकाळी माळ्याच्या जिन्याकडे जाणंच सोडलं होतं. तुम्ही उत्तरेकडच्या पाख्याची, म्हणजे छपराच्या उताराची, पहिली दहा-वीस कौलं काढलीत, आत वाकून पाहिलंत आणि काही न बोलता तीच कौलं परत जागच्या जागी ठेवलीत. खाली उतरून आईला म्हणालात, “वहिनी, साप नाय. बिऱ्हाड हाय.”

गव्हाणी घुबडाची पाच पिल्लं होती. आजोबांच्या वेळच्या फुटक्या डालग्याच्या आडोशाला, उघड्या फळीवर. हा पक्षी काडी काडी जमवून घरटं बांधायच्या भानगडीत पडत नाही. खाल्लेल्या उंदरांची हाडं आणि केस यांचे गोळे तो तोंडावाटे टाकतो, त्यांचाच जो थर साचतो त्यावर अंडी घालतो. झरोक्याची फळी त्याआधीच्या पावसात निखळली होती, तिथून त्यांची ये-जा होती.

तुमच्या जागी दुसरा कोणी असता तर काय झालं असतं याचा अंदाज गावातल्या कोणालाही करता येईल. पोत्यात भरून रानात सोडली असती, आणि तेही दयाळू माणूस असता तर. तुम्ही विडी पेटवून छपराकडे बराच वेळ पाहत बसलात. मग कामाची वाटणीच बदललीत. आधी दक्षिणेचा पाखा, मग पडवी, मग उत्तरेचा अर्धा. झरोक्याकडचा कोपरा तसाच ठेवायचा. त्या कोपऱ्यातल्या रिपा कुजल्या होत्या, पाऊस आत येणार हे उघड होतं. त्यावर ताडपत्री टाकू असं मी सुचवलं, तर म्हणालात, “वाऱ्याला फडफडेल, मग आई यायची नाय पिल्लांकडं.” ताडपत्री टाकलीत, पण तिच्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप अंथरून सुंभाने घट्ट आवळलेत. त्या रात्री मी अंगणात बसून वाट पाहत होते. झाप जराही हलले नाहीत, आणि अंधार पडून फार वेळ झाला नाही तोच नर तोंडात उंदीर घेऊन झरोक्यातून आत गेला.

ते सगळं पाहायची जागाही तुम्हीच दाखवलीत. माजघराच्या वरच्या फळीतली एक गाठ सुटून भोक पडलं होतं. “हितनं बघ. वर चढायचं नाय, बॅटरी मारायची नाय.” बॅटरीला मी लाल जिलेटिनचा कागद लावला, कारण त्या उजेडाने त्यांना कमी त्रास होतो, आणि तीही अगदी क्वचित वापरली. डोंबिवलीहून आठ दिवसांसाठी आलेली मी ऑफिसचं काम इथूनच करत भर पावसापर्यंत राहिले ती त्या भोकापायी.

काय काय पाहिलं ते तुम्हाला कधी नीट सांगितलंच नाही. पाच पिल्लं पाच मापांची, उतरत्या भाजणीने. मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच उबवायला बसते आणि बाकीची अंडी दोन-दोन दिवसांच्या अंतराने येतात, म्हणून थोरलं पिसं फुटायला लागलेलं असतं तेव्हा धाकटं नुसतं पांढऱ्या लवेचं आणि डुगडुगणारं असतं. सुरुवातीला मादी पिल्लांजवळून हलत नव्हती. नर शिकार आणून द्यायचा, ती फाडून बारीक तुकडे भरवायची. पुढे थोरली पिल्लं अख्खा उंदीर डोक्याकडून गिळायला लागली. शेपूट चोचीबाहेर लोंबत ठेवून ती बराच वेळ स्वस्थ बसायची, गिळलं की संपलं. मग मादीही शिकारीला जाऊ लागली. आईबाप बाहेर असताना पिल्लं आपसात सारखी फुत्कारायची. स्वित्झर्लंडमध्ये लोझान विद्यापीठातल्या अलेक्झांडर रूलँ यांनी याच फुत्कारांचा वर्षानुवर्षं अभ्यास केला आहे. त्यांच्या मते ही भावंडांची बोलणी असतात: कोणाला भूक जास्त आहे ते आधीच ठरतं आणि कमी भुकेलेलं पिल्लू त्या खेपेला माघार घेतं. आईला हे सांगितलं तर म्हणाली, “तुम्हा भावंडांना हे जमलं नाही कधी.”

आणि त्यांचं उडणं! पांढरा, बदामाच्या आकाराचा चेहरा डोक्यावरून जायचा आणि वाऱ्याची झुळूकही लागायची नाही. पंखाच्या पुढच्या कडेच्या पिसांना कंगव्यासारखे बारीक दाते असतात, त्याने हवेचा आवाज मोडतो. कानही एक वर, एक खाली. आवाज कुठल्या कानात आधी आणि किती जोरात पोचतो त्यावरून उंदीर नेमका कुठे आहे हे त्याला कळतं. पूर्ण काळोखात, निव्वळ कानांच्या भरवशावर तो उंदीर पकडतो हे रॉजर पेन आणि पुढे मार्क कोनिशी या संशोधकांनी अमेरिकेत प्रयोग करून दाखवलं. तुम्ही मात्र प्रयोगाशिवायच म्हणाला होतात की त्याला दिसण्यापेक्षा ऐकू जास्त येतं, आणि माझ्या खोकल्याला दटावलं होतंत.

झरोक्याखाली पडलेले गोळे मी कोमट पाण्यात भिजवून चिमट्याने सोडवत बसायचे. आईने त्यासाठी एक जुनी परात कायमची देऊन टाकली, पुन्हा स्वयंपाकघरात आणायची नाही या बोलीवर. ताजा गोळा काळा तुकतुकीत असतो, वाळला की राखाडी. आत केसांत गुंडाळलेल्या अख्ख्या कवट्या. पुढचे दात नारिंगी-पिवळे असले तर उंदीर, पांढरे आणि टोकदार असले तर चिचुंद्री. बहुतेक सगळे उंदीरच निघाले. आमच्या भाताच्या कणगीला खालून भोकं पाडणारे ते हेच, म्हणजे एका अर्थी आमचंच भात घुबडांच्या पोटात गेलं होतं.

औषधाचं तर विसरणं शक्य नाही. आईने उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या आणून फडताळात ठेवल्या होत्या. पाकीट अजून फोडायचं होतं. तुम्ही ते पाहून म्हणालात, “यानं उंदीर चार दिवस झिंगत फिरतो. तो घुबडाला आयता. मग पाचीच्या पाची गेली समजा.” हे अगदी खरं आहे. असलं विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, सुस्तावतो, आणि त्याच्यातलं विष खाणाऱ्याच्या अंगात उतरतं. कृषी सहायकापासून दुकानदारापर्यंत कोणीही आम्हाला एवढं सांगितलं नव्हतं.

वाडीतल्या लोकांचं बोलणं तुम्ही परस्पर अंगावर घेतलंत, ते मला नंतर कळलं. घरावर घुबड बसलं की माणूस जातं, शांती करून घ्या, असं सांगायला जो तो आमच्याकडेच येणार होता. वडील जाऊन वर्ष झालेलं नव्हतं. ते आईच्या जिव्हारी लागलं असतं. तुम्ही पाराजवळच सगळ्यांना सांगून टाकलंत, “घराला घुबड लागलं नाय, उंदीर लागलेत. घुबड त्यावरचं औषध हाय.” लोकांना पटलं का कोण जाणे. पण शाकारणीसाठी सगळ्यांना तुम्हीच लागता, त्यामुळे वाद कोणी वाढवला नाही.

त्याहून मोठा उपकार गप्प बसण्याचा. बाजारात एक माणूस तुम्हाला विचारत होता म्हणे, की जिवंत घुबड कुठे मिळेल, नखं तरी मिळतील का. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे, पण दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास लक्ष्मीच्या नावाखाली आणि करणी-जादूटोण्यापायी घुबडं पकडली आणि विकली जातात. वन्यजीवांच्या व्यापारावर नजर ठेवणाऱ्या ट्रॅफिक इंडिया या संस्थेने २०१० साली या चोरट्या व्यापारावर अहवालच काढला होता. तुम्ही त्या माणसाला ‘आमच्याकडे असलं काय नाय’ म्हणून वाटेला लावलंत आणि हाताखालच्या दोन्ही गड्यांनाही तंबी दिलीत. वनखात्याचा १९२६ हा नंबर मी पडवीच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवला होता. तो लावायची वेळ आली नाही, ती तुमच्यामुळे.

तिसऱ्या नंबरचं पिल्लू झरोक्यातून पडवीत पडलं ती सकाळ आठवते? माणसाचा हात लागला की आई पिल्लाला टाकते, असं शेजारची मुलं ओरडून सांगत होती. पक्ष्यांच्या बाबतीत हे खरं नसतं. उलट गव्हाणी घुबड जमिनीवर पडलेल्या पिल्लाला सहसा भरवत नाही, ते पिल्लू उपाशी मरतं, म्हणून त्याला वर ठेवणं भाग होतं. तुम्ही दुसऱ्या वाडीत छपरावर होतात. निरोप मिळताच सायकल मारत आलात. पिल्लू मान खाली घालून डावी-उजवीकडे डोलत होतं, चोचीने टकटक आवाज करत होतं. तुम्ही खांद्यावरचा टॉवेल त्याच्यावर टाकून पाय आधी धरलेत, कारण नखं बोटात रुतली तर सुटत नाहीत, आणि शिडीवरून नेऊन भावंडांत ठेवून आलात. चहाही न घेता परत गेलात. त्या दुसऱ्या घरच्या बाईंनी तुम्हाला काय ऐकवलं तेही मला कळलं आहे. त्यांची मी माफी मागून आले.

मग पाऊस लागला. झरोक्याकडच्या कोपऱ्यातून पाणी यायचं ते आलंच. आईने कणगी माजघरात आणवली, दोन बादल्या आणि एक घंगाळ लावलं, आणि तक्रार केली नाही याचं मला अजून नवल वाटतं. या पक्ष्याची पिसं मऊ असतात, फार भिजली की त्याला उडणं जड जातं आणि पावसाच्या आवाजात उंदराची चाहूलही लागत नाही. सलग झडीच्या दिवसांत नर रिकामा परत यायचा. सगळ्यात धाकटं पिल्लू त्यात गेलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी ‘चार उडाली’ एवढंच म्हणाले होते, पाचव्याचं सांगायला जीभ रेटली नाही. तुम्हीही पुढे विचारलं नाहीत.

बाकीची चार आधी आढ्यावर, मग आंब्यावर आणि मग शेताच्या बांधापर्यंत गेली. दिवसा झोपायला काही आठवडे घरीच यायची. ती यायची बंद झाली तेव्हा जुलै निम्मा सरला होता, तुमची लावणी चालू होती आणि चिखलणीला माणसं मिळत नव्हती. दोन दिवसांची उघडीप मिळाली, तर त्यातला एक दिवस तुम्ही आमच्या छपरावर घालवलात. ओल्या रिपांवर पाय घसरत होते. तरी नव्या रिपा मारल्यात, कौलं चढवलीत, आणि झरोका बुजवू का असं आईने विचारल्यावर म्हणालात, “पुढल्या वर्षी परत येतील की.” मजुरी विचारली तर म्हणालात की मे महिन्यातच सगळे पैसे मिळाले.

त्या एका दिवसाने तुमचं रोप आठवडाभर मागे पडलं, हे मला वहिनींनी, म्हणजे तुमच्या सुनेने, सांगितलं. तुम्ही सांगितलं नसतंत.

तर काका, आभार. घुबडांचे माझ्याकडून, आणि एका वाईट वर्षात आईला संध्याकाळी वर पाहत बसायला काहीतरी मिळालं त्याचे आम्हा दोघींकडून. हल्ली ती फोनवर आधी उंदरांची बातमी देते, मग स्वतःच्या गुडघ्याची.

एक निरोप नातवासाठी. पुरंदर तालुक्यातल्या पिंगोरीला इला फाउंडेशन या निसर्गसंवर्धन संस्थेने २०१८ साली उलूक महोत्सव, म्हणजे घुबडांचा उत्सव, सुरू केला. तो पुन्हा भरला की त्याला घेऊन जायची माझी इच्छा आहे. तुम्ही हो म्हणालात तर एसटीचं मी पाहते.

आता यंदाच्या कामाचं. जोडी परत आली आहे, मादी बसली आहे असं आई म्हणते. म्हणजे या वेळीही झरोक्याकडचा कोपरा शेवटीच करावा लागेल. सागाच्या रिपा आणि शंभर कौलं आणून पडवीत रचून ठेवली आहेत. पिल्लं उडाली की झरोक्याच्या आत एक मोठी लाकडी पेटी बसवायचा विचार आहे, म्हणजे पुढच्या वर्षापासून त्यांचं घर वेगळं आणि छपराचं काम मोकळं होईल. माप तुम्ही घ्या, सुताराला मी सांगते. आणि गेल्या जुलैची मजुरी आईने पाकिटात घालून देव्हाऱ्याखाली ठेवली आहे. ती घेतल्याशिवाय यंदा शिडी लावू देणार नाही, असं तिने कळवायला सांगितलं आहे.

तुमची,
वरच्या वाडीतली लेक